त्सुंग लीशानची डावी रेघ

मैदानाच्या कडेने पांढरी रेघ गेलेली दिसते ना, मित्रांनो, ती आखणं हे माझं काम. मी एक जुना, चुन्याच्या फक्कीचा गाडा आहे. माझं पोट जहाजाच्या उरलेल्या पत्र्याचं आणि चाकं एका लहान मुलीच्या सायकलची. मला घडवलं ल्वान काकांनी. ते आधी चीनमधल्या दाल्येन बंदराच्या गोदीत वेल्डर होते, मग फुटबॉल क्लबात मैदान सांभाळायला आले. त्यांच्या मुलीला तिची सायकल लहान पडू लागली, म्हणून तिची चाकं मला मिळाली.

आमच्याकडे जून-जुलैत समुद्रावरून धुकं येतं. सकाळी ते मैदानावर असं बसतं की गोलचे खांबही दिसत नाहीत. काका दोन खुंट्या ठोकून सुतळी ताणायचे आणि मला ढकलत निघायचे. मागे रेघ उमटायची आणि पुढे नुसतं पांढरं पांढरं. मला वाटायचं, आपण ढगावरच रेघ ओढतो आहोत.

अशाच एका सकाळी धुक्यातून लीशान आला. एकोणीस वर्षांचा, समोरच्या बेटावरच्या कोळ्याचा मुलगा. तो डावा विंगर होता, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेने चेंडू नेणारा. चेंडू घेऊन तो रेघेला इतका चिकटून धावायचा की फक्की उडून त्याचे मोजे पांढरे व्हायचे.

"मी रेघ आखतो ती तू पायाने पुसायला होय रे?" काका ओरडले.

"काका, रेघेवरून धावलं की बरं वाटतं," तो म्हणाला. "या बाजूने तरी कोणी अंगावर येत नाही."

काकांना हसू आलं. तेव्हापासून ते डावी रेघ जरा जाडच आखू लागले. आणि लीशान बेटावरून आला की त्यांच्यासाठी आईने केलेल्या करंज्या आणायचा, सुरमईचं सारण भरून उकडलेल्या.

चार वर्षं अशी गेली. लोक त्याला 'समुद्रपाखरू' म्हणू लागले. सामन्याच्या दिवशी मलाही टेम्पोत घालून स्टेडियमवर नेत. तिथल्या बोळात उभा राहून मी त्याचं धावणं पाहायचो. लोकांनी टाळ्या वाजवल्या की मला उगाच वाटायचं, त्यांतली एखादी माझीही आहे.

मग एका ओल्या शरद ऋतूत ते घडलं. तो चेंडूमागे धावत रेघेपलीकडे घसरला आणि जाहिरातीच्या लोखंडी फळीवर आदळला. त्याच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं.

आठ महिन्यांनी तो परतला. गुडघा बरा झाला होता, पण लीशान रेघेकडे जाईना. चार-पाच हात अलीकडेच त्याचे पाय आपोआप आत वळायचे. शेवटी प्रशिक्षकांनी त्याला बाजूला घेतलं.

"सप्टेंबरपर्यंत वाट बघतो. तोवर कडेने धावलास तर तुझी जागा तुझी. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

हे काकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मागच्या सरावाच्या मैदानावर त्यांनी जुनी डावी रेघ झाडूने झाडली, पाण्याने धुतली, आणि पाच हात आत नवी आखली. आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटी रेघ ओढत होतो.

प्रशिक्षकांच्या ते लगेच लक्षात आलं. "ल्वान, मैदान आटलं वाटतं तुमचं?"

"धुक्यात तसं दिसतं," काका म्हणाले.

प्रशिक्षक नवी रेघ ओलांडून निघून गेले.

त्यानंतर रोज सकाळी काका खुंट्या चार बोटं बाहेर सरकवायचे. कालची रेघ पुसायची, आजची आखायची. धुकं आमच्या बाजूने होतं. कुंपण कुठे आहे हे दिसायचंच नाही. लीशान खाली बघून धावायचा, रेघ पायाखाली आली की खूश व्हायचा. पुन्हा त्याचे मोजे पांढरे होऊ लागले.

महिना झाला असेल. एका सकाळी वारा सुटला आणि पडदा ओढावा तसं धुकं बाजूला झालं. लीशान धावता धावता थबकला. लोखंडी कुंपण हात लांबवला तर लागेल इतकं जवळ होतं. त्याने खाली पाहिलं, मागे पाहिलं. गवतात पुसलेल्या रेघांचे फिकट पट्टे एकाशेजारी एक दिसत होते.

तो चालत आमच्यापाशी आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"फसवलंत मला."

"तुला नाही. तुझ्या गुडघ्याला," काका म्हणाले. "तोच ऐकत नव्हता ना?"

लीशान माझ्या मुठीला धरून उभा राहिला.

"आणि स्टेडियममधली रेघ? ती कोण सरकवणार?"

"ती कोणालाच सरकवता येत नाही रे," काका हळूच म्हणाले. "तिथे तुलाच जावं लागेल."

सप्टेंबरच्या सामन्यात पहिला अर्धा तास तो रेघेकडे गेला नाही. मग डाव्या कोपऱ्याकडे एक लांब चेंडू आला. लीशान त्याच्यामागे सुटला. समोर तीच फळी होती. मला वाटलं, आता वळेल. तो वळला नाही. रेघेवरूनच त्याने चेंडू उंच आत टाकला, आणि मधल्या खेळाडूने डोकं लावून गोल केला. सगळे त्या खेळाडूकडे धावले. लीशान मात्र फळीला दोन्ही हात टेकून उभा होता, घरी पोचल्यासारखा.

त्यानंतर तो अकरा वर्षं खेळला. राष्ट्रीय संघाच्या शिबिराला गेला, पण बाकावरच बसून परतला. दक्षिणेकडच्या एका क्लबात गेला, तो क्लब बंद पडला. परत आला तेव्हा केस विरळ झाले होते, धाव आखूड झाली होती. आमच्या मैदानावरही तोवर कृत्रिम गवत आलं होतं. त्यात रेघा विणलेल्याच असतात. काका निवृत्त झाले. मला जाळ्यांच्या ढिगामागे ढकलून दिलं, तेही पोटात फक्की तशीच ठेवून. दमट हवेने तिचा दगड झाला. पत्र्याला भोकं पडली. माझ्यावर कोणीतरी तुटक्या बादल्या रचल्या. सहा पावसाळे मी तसाच होतो.

खेळणं सोडल्यावर लीशान बेटावरच्या शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायला लागला. एक दिवस तो काकांना घेऊन क्लबात आला आणि बादल्या उचलू लागला. काकांनी छिन्नी घेऊन माझं पोट मोकळं केलं. त्यांना धाप लागत होती, तरी छिन्नी त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. मग आम्ही तिघं बोटीने बेटावर गेलो.

तिथे समुद्राकाठच्या कडक वाळूवर लीशानने मला स्वतः ढकललं. रेघ नागासारखी वळत गेली. शिंपले निवडणाऱ्या बायका हसायला लागल्या.

"एवढी वर्षं रेघेवर धावलास, आणि एक सरळ आखता येईना?" एक म्हणाली.

"मावशी, आखणारा वेगळा होता," तो म्हणाला. आणि काकांनी शेजारी येऊन मूठ धरली.

आता मी तिथेच असतो. मित्रांनो, तुमच्याही शाळेत असा एखादा गाडा असेल, कोपऱ्यात पडलेला. काम झालं की त्याचं पोट रिकामं करा, चाकांना तेलाचे दोन थेंब द्या. आम्हाला याहून जास्त काही लागत नाही.

काल एक मुलगी चेंडू घेऊन कडेने सुटली. धावण्याच्या नादात ती रेघ ओलांडून थेट लाटांमध्ये गेली, आणि चेंडूही तिच्यासोबत. लीशानच्या ओठांत शिट्टी होती. तो ती वाजवायची विसरून गेला.