नळाचं मत

एर्मेलिंदानं टोपी कपाळावर ओढली आणि शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वीस पावलांवर सेगुंदो तोआपांता उभा होता, त्याचंही तोंड भिंतीकडे. ज्याला जो उमेदवार हवा, त्यानं त्याच्यामागे रांग लावायची. आणि मोजणी संपेपर्यंत उमेदवारानं मागं वळायचं नाही. वळला तर कोण आलं नाही ते दिसणार, आणि गावात राहायचं तर आहे.

पाणी समितीचा अध्यक्ष निवडताना नळाला एक मत. माणसाला नाही, नळाला. एर्मेलिंदाच्या घरचा नळ सासूच्या, सोइलाच्या नावावर. म्हणजे जी बाई गेली चौदा वर्षं डोंगर चढून झरा बघून येते, तिला स्वतःला मत नाही. आणि ज्यांना झरा कुठल्या अंगाला आहे हे ठाऊक नाही, ते ऐटीत मत द्यायला आले होते.

सेगुंदोनं जाड पाइपचं वचन दिलं होतं. झऱ्याची धार करंगळीएवढी उरलेली, त्याला जाड पाइप! आणि लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या. एर्मेलिंदा म्हणाली होती, झरा वरच्या ओल्या माळातून भरतो, तिथून गाई काढा, कुंपण घाला, तीन पावसाळे माळाला हात लावू नका. कुणी टाळी वाजवली नाही. माळावर सगळ्यात जास्त गाई सोइलाच्या होत्या. पाच.

तेव्हापासून महिनाभर सोइला सुनेशी कुत्र्यामार्फत बोलत होती. "सांग रे तिला, सूपात मीठ नाही."

आता मागं पावलं वाजत होती. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "अरे पायावर पाय देतोस, मत द्यायला आलास की नाचायला?"

"डुक्कर सेगुंदोकडं खाल्लंस ना काल? मग इकडं कसा?"

"पोट तिकडं होतं. नळ इकडं आहे."

हशा पिकला. एर्मेलिंदा भिंतीचा पोपडा बघत राहिली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. तेवढ्यात पाठीत बोट रुतलं.

"सरळ उभी राहा. पोत्यासारखी काय वाकतेस? लोक बघतायत."

आवाज सोइलाचा होता. एर्मेलिंदा ताठ झाली. तिनं मान वळवली नाही. फक्त शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

चिटणीस नेस्तोर एकेका टोपीवर हात ठेवत मोजत गेला. दोनदा मोजलं, कारण एकदा मोजलेलं इथं कुणी मानत नाही.

"सेगुंदो, एकतीस. एर्मेलिंदा, बत्तीस!"

पुढचं सगळं एकदमच झालं. तुतारी बेसूर वाजली, कुणी तिच्या टोपीवर फुलांच्या पाकळ्या ओतल्या, कुणी मक्याच्या दारूचा वाडगा हातात कोंबला. सेगुंदोनंच तो भरला होता. "पी, बाई. पुढच्या वेळी तुझ्या सासूला आधी जेवायला बोलावतो."

"अध्यक्षीणबाई, पहिला ठराव?" नेस्तोरनं वही उघडली.

"शनिवारी मिंगा, सगळ्या गावाचं श्रमदान. घरटी एक माणूस, एक कुदळ. माळाला कुंपण." तिनं सासूकडं पाहिलं. "सुरुवात आमच्या पाच गाईंपासून."

"थांब." सोइला बाकावर बसून उकडलेला वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "मी मत दिलं. गाई दिल्या असं कुणी सांगितलं?"

तुतारीवाल्यानं तुतारी खाली घेतली. एर्मेलिंदाच्या रांगेतली बाकीची सगळी माणसं दुसरीकडं बघू लागली. सेगुंदोला तर आता मजा वाटत होती.

एर्मेलिंदानं वाडगा खाली ठेवला.

"आई, शनिवारी सहाला मी वर निघेन. पहिला खांब तुमच्या गाईंच्या वाटेवर रोवणार. अडवायचं असेल तर या."

सोइलानं सोललेला वाल तोंडात टाकला. सावकाश चावला. सगळा गाव तिच्या जबड्याकडं बघत होता.

"सहाला?" ती म्हणाली. "उन्हं वर आल्यावर तांबडी गाय जागची हलेल होय? पाचला निघू. आणि जाड दोर घे, ती माझ्यासारखी आहे. नुसत्या बोलण्यानं ऐकत नाही."