परवानगी नाही, असं मला म्हणावं लागलं

मी एक जुना नेटवर्क ड्राइव्ह आहे. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात बसतो. बुटांच्या खोक्याएवढा माझा आकार, पण अख्ख्या ऑफिसच्या फायली माझ्या पोटात आहेत. आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मी भित्रा आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा चकचकीत होतो. ताईंनी मला स्वतः फडक्याने पुसून इथे ठेवलं. ताई म्हणजे इथल्या प्रोग्रामर. हॉस्पिटलमधल्या ऑक्सिजनचा दाब उतरला की घंटा वाजवणारा प्रोग्राम त्या लिहितात. त्यातला प्रत्येक बदल, कधी केला, का केला, ते सगळं त्या माझ्याकडच्या एका फोल्डरात जपून ठेवतात. काही चुकलं तर मागची आवृत्ती काढता येते. "हा आहे म्हणून मी निर्धास्त आहे," असं त्या म्हणायच्या आणि मी फुगून जायचो. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. धूळ साचली, पंखा खरखरू लागला, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिनची खाती नव्या सर्व्हरवर गेली. नावं तीच राहिली, पण प्रत्येकाचा आतला ओळख क्रमांक बदलला. मी तर माणसं त्या क्रमांकावरूनच ओळखतो. मला कुणी काही कळवलंच नाही.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. नव्या आवृत्तीत घंटा वाजतच नव्हती. एक नर्स दाबाच्या काट्यावर डोळे लावून उभी होती. ताई धावत आल्या. मागची चांगली आवृत्ती फक्त माझ्याकडे होती, कारण त्यांचा जुना संगणक नुकताच पुसून दुसऱ्याला दिला होता. त्यांनी फोल्डर उघडायला घेतला आणि मी म्हणालो, "परवानगी नाही."

काय करू? नाव ओळखीचं होतं, क्रमांक परका होता. ताईंनी पुन्हा प्रयत्न केला, मी पुन्हा तेच म्हणालो.

"पुसून टाका तो डबा! नव्याने सुरू करू!" साहेब ओरडले. माझी बोबडीच वळली.

"अहो साहेब, तो पुसला तर घंटा कुठून आणायची?" ताई रडकुंडीला आल्या.

"मग सगळ्यांना सगळं खुलं करा!"

"थांबा, कुणी हात लावू नका," सर्व्हर सांभाळणारे काका म्हणाले. त्यांनी आधी फोल्डरचा मालक कोण ते पाहिलं. तिथे नावाऐवजी नुसता लांबलचक आकडा होता. "हे बघा. याला आपल्या ताई ओळखूच येत नाहीयेत. हा बिचारा काय करणार?"

त्यांनी तेवढाच फोल्डर ताईंच्या नव्या खात्याच्या नावावर केला. तरी मी अडलो, कारण ताईंचा संगणक अजून जुनीच ओळख सांगत होता. काकांनी त्यांना खात्यातून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला लावलं. मग मी उघडलो.

अर्ध्या तासाने फोन आला. "वाजली हो, घंटा वाजली!" नर्स सांगत होती. माझा जीव भांड्यात पडला.

ताईंनी मला थोपटलं आणि सगळे हसत चहाला गेले. त्यांनी नेली ती एकच आवृत्ती. बाकीचा सगळा इतिहास दुसरीकडे उतरवून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही.

मित्रांनो, जपायचं ते एकाच जागी ठेवू नका. हा उपदेश नाही, मला खरंच भीती वाटतेय. कालपासून माझ्या आत टक् टक् असा आवाज येतोय, डिस्क बंद पडायला टेकली की येतो तसा. आता ताईंना परवानगी आहे. त्यांना कुणीतरी सांगा हो, आजच या.