जास्तीचं बटण

“फादर, उशीर केलात हो,” म्हणत म्हातारबाबांनी त्याचं मनगट धरलं.

तो फादर नव्हता. इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डात चादरी बदलायच्या, भांडी उचलायची, गेलेल्या माणसाला खाली पोचवायचं, ही त्याची कामं. पण पुढच्या महिन्यात तो धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जाणार, हे साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतं. सिस्टर तर त्याला ‘पाद्रीबुवा’च म्हणायची. आईने त्याच्या पांढऱ्या कोटाला गळ्याशी, फादरांच्या बंद गळ्यासारखं, एक जास्तीचं बटण शिवून दिलं होतं. “आत्तापासून सवय होऊ दे मानेला,” म्हणाली होती.

म्हातारबाबांची नजर गेलेली. बोटं चाचपडत त्या बटणापर्यंत आली आणि तिथेच विसावली.

खऱ्या फादरांना फोन करून तास झाला होता. फादर एका दफनविधीत अडकले होते. “बस जरा जवळ,” सिस्टर हळूच म्हणाली. “घटकाभराचे सोबती आहेत.”

मी फादर नाही, बाबा. एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांवर येईतो म्हातारबाबांनी बोलायला सुरुवातही केली. चाळीस वर्षं छातीत दाबून ठेवलेलं पाप, धापा टाकत, तुकड्यातुकड्यांनी. ते काय होतं, हे त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

“मिळेल ना माफी? सांगा ना, फादर!”

त्याने हात उचलला. दर महिन्याला स्वतः गुडघे टेकून ऐकलेले पापक्षमेचे शब्द, जे फक्त धर्मगुरूने उच्चारायचे, ते त्याने सावकाश, एकही न गाळता म्हटले. हवेत क्रूस काढला. मनगटावरची पकड सैल झाली.

फादर आले तेव्हा तो म्हातारबाबांच्या चेहऱ्यावर चादर ओढत होता.

“काही म्हणाले का रे?”

“नाही, फादर.”

पुढचे तीन दिवस तो ताट तसंच सारून उठायचा. आई मात्र शेजारणीला सांगत होती, “शुक्रवारी बिशपांना फादरांचं शिफारसपत्र जातंय. एकदा लेकाला वेदीपाशी उभा पाहिला, की मी डोळे मिटायला मोकळी.”

शुक्रवारी चर्चशेजारच्या कचेरीत फादरांनी कागद पुढे ओढला, त्याचं नाव लिहिलं आणि वर पाहिलं. “तोंड का उतरलंय? पापनिवेदन करायचंय? चल, चर्चमध्ये बसू.”

दहा पावलांवर पापनिवेदनाची ती जाळीची खिडकी. तिच्याआड ऐकलेलं फादर जीव गेला तरी बोलू शकत नव्हते. पाप धुतलं गेलं असतं, पत्रही गेलं असतं. तीन दिवस त्याच्या डोळ्यांपुढून ती जाळी हलली नव्हती.

“नको. इथेच सांगतो. तिथे सांगितलं तर तुमच्या तोंडाला कुलूप लागेल, आणि पत्र तर तुम्हालाच लिहायचंय.”

त्याने सांगितलं. म्हातारबाबांचं पाप तेवढं सोडून सगळं.

“अरे वेड्या, नुसता हात धरून बसला असतास तरी पुरलं असतं.”

“ते फार घाबरले होते, फादर.”

“आणि तू?”

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. “मला बरं वाटलं. ते शब्द म्हणताना.”

फादरांनी कागदावरच्या त्याच्या नावावरून बोट फिरवलं.

“बाबांच्या माफीचं काय होईल, फादर?”

“त्यांचं देव बघेल. तो कागद मागत नाही. मला मागावा लागतो.” फादरांनी पेनाला टोपण लावलं. “ज्याने धर्मगुरूचं सोंग घेतलं, त्याला धर्मगुरू होता येत नाही, बाळा. सूट मिळावी म्हणून वर अर्ज करू. वर्षं जातील. परवानगी येईलच असंही नाही. आईला मी सांगू का?”

“नको. माझं मी सांगतो.”

दुपारी तो कामावर गेला.

“काय पाद्रीबुवा, गेलं का पत्र?” सिस्टरने विचारलं.

“सात नंबरची चादर बदलायचीय ना?”

चादरींच्या कपाटाआड उभं राहून त्याने पट्ट्या कापायची कात्री गळ्याशी नेली. आईने बटणाला दोरा दुहेरी घातला होता. दोनदा कापावा लागला.