पाया बघायला आलेली विहीण

माझ्या धाकट्या भावाचं, अंगदचं, लग्न काही केल्या जमत नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, विहिरीला पाणी, ऊस कारखान्याला जातो, तरी मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळवणं हल्ली काय असतं, ते ज्याच्या घरात असा मुलगा आहे त्यालाच ठाऊक. मी पाटोद्याला दिलेली, अंगदची थोरली बहीण. माझ्या सासरच्या गोतावळ्यातलं एकही घर मी विचारायचं ठेवलं नव्हतं.

म्हणून अंबाजोगाईकडची माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर आण्णांनी आख्ख्या घराला चुना मारून घेतला. आण्णा म्हणजे आमचे वडील, सुंदरराव. दोन वेळा सरपंच झालेले, आणि भाषणं बंद झाली तरी आवाज काही खाली आलेला नाही. ते घरात मीठ मागतात आणि मारुतीच्या पारावर बसलेल्यांना कळतं की आज भाजी आळणी झाली.

पाहुणे आले. मुलीचे वडील, रामप्रसाद, सरळ आत जाऊन सोफ्यावर बसले. मुलगी स्वप्ना, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, अंबाजोगाईत एका कंत्राटदाराकडे साइट बघणारी, तीही आत गेली. मुलीची आई, सरस्वतीबाई, मात्र अंगणातच थांबल्या. मुलाकडे त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे. बघत होत्या भिंतीकडे, खालपासून वरपर्यंत, बाजारात बैल पारखावा तशा. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी दोन दगडांमधल्या सांध्यात खुपसली. किल्ली मुठीपर्यंत आत गेली आणि भुरूभुरू माती खाली आली. आण्णांचा नवा चुना तिथेच उतरला.

"मी हितंच बसते," त्या म्हणाल्या आणि लिंबाखाली जाऊन बसल्या.

"बाहेर कावून?" आण्णा ओरडले. म्हणजे त्यांच्या मते त्यांनी नुसतं विचारलं. "आमचं घर काय उघड्यावर पडलंय का?"

"घर चांगलं हाय, दादा. पन दगडमातीच्या भिंतीच्या आत मी जात न्हाई." बाई शांतपणे सांगत होत्या. "माझं माहेर किल्लारीकडचं. भूकंप झाला तवा माझे दोन भाऊ भिंतीकडंला निजलते. असलीच भिंत. दोन्हीकडं फाटली, आतला दगड आत अन् भायेरचा भायेर. वरून माळवदाची माती. मी अंगनात निजलते म्हनून र्‍हायले. तवापासून दगडाच्या भिंतीपाशी माझा डोळा लागला न्हाई. पत्र्याच्या घरात र्‍हाते मी."

आई चहाचा कप घेऊन बाहेर आली, तो त्यांनी तिथेच, लिंबाखाली प्यायला.

"पोरगा मला पसंत हाय," कप खाली ठेवत त्या म्हणाल्या. "घर न्हाई. पाया उकरून दाखवा. कमी असंल ते नीट करा. मग पोरगी देते."

गाडी फाट्याला लागते न लागते तोच आण्णा उसळले. "पाया उकरून दाखवा म्हनं! उद्या म्हनंल तोंड उघडा, दात बघायचेत! माझ्या बापानं मुरुमावर बसवलंय हे घर, मुरुमावर! अन् ती बाई माझ्या दारात येऊन बाहेर चहा पिऊन जाती?"

खरं सांगू, त्यांना पाया इतका लागला नव्हता. लागला होता तो चहा. आमच्या घरी आलेला माणूस आत न येता गेला, असं आण्णांच्या हयातीत झालं नव्हतं.

अंगद कधी वडिलांपुढे तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "मुरुमावर हाय तर उकरून बघू की, आण्णा."

आता नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी सोमनाथ मिस्त्री आला आणि त्याने मोरीच्या कोपऱ्याला, भिंतीच्या बाहेरून, एक खड्डा घेतला. दोन हात खाली दगड संपले. त्याखाली मुरूम नव्हता. काळी माती होती, मोरीचं पाणी पिऊन लोण्यासारखी झालेली. मुरूम लागला तो आणखी खाली, मिस्त्री खड्ड्यात दिसेनासा झाला तेव्हा. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि आमचं घर इतकी वर्षं तिच्यावर वरखाली होत उभं होतं. दारं पावसाळ्यात का अडकायची, कोपऱ्यातली भेग दरवर्षी बुजवली तरी का उघडायची, ते मला तिथे कळलं.

आण्णा धोतर खोचून खड्ड्यात उतरले. मूठभर माती घेतली, दाबली, बोटांच्या फटीतून ती बाहेर आली. आण्णा गप्प आहेत म्हटल्यावर दोन घरं सोडून राहणारी माणसं बघायला आली.

पण गप्प बसणं त्यांना किती वेळ सोसणार. सकाळी बघते तर दारात जेसीबी. आमच्या गावात कुठल्याही प्रश्नाला पुढाऱ्यांकडे हे एकच उत्तर असतं. "संध्याकाळपत्तोर चारी भिंती मोकळ्या करतो अन् उद्या काँक्रीट वततो," आण्णा ड्रायव्हरला बाही सारून दाखवत होते. "करायचं तर एकदम!"

आणि अंगद जाऊन भिंत आणि बकेट यांच्या मध्ये उभा राहिला.

"बाजूला हो बे!" आण्णा गरजले.

"न्हाई होत. पाया एकदम मोकळा केला तर भिंत आजच खाली यील. हात-दोन हाताचा तुकडा उकरायचा, खाली मुरुमापत्तोर जायचं, भरायचं, घट्ट होऊ द्यायचं. मग मधलं सोडून पुढचा. समदं झालं की सोडलेलं घ्यायचं."

"तुला कोन सांगितलं हे?"

अंगद कानापर्यंत लाल झाला. लग्न ठरायच्या आधीच अंगदचं आणि स्वप्नाचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं! आणि मेले बोलत काय होते, तर सिमेंट. मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावून मी आत पळाले. पण आतून खिडकीतून बघत राहिले. अंगद तसूभरही हलला नाही. शेवटी ड्रायव्हरनेच इंजिन बंद केलं. त्या क्षणी अंगदचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे त्याच्या डोक्याला बाशिंग बांधतानाही वाटला नाही.

मग सगळा उन्हाळा घर उकरणं चाललं, आणि मीही माहेरीच राहिले. एक तुकडा, मग मधला सोडून पुढचा. मोरीचं पाणी पाइप टाकून लांब परसात नेलं. भिंतीला ठिकठिकाणी हलक्या हाताने आरपार भोकं पाडून त्यात गज घातले, काँक्रीट भरलं, म्हणजे आतला दगड आणि बाहेरचा दगड एकमेकांना धरून राहतील. दगडांचे सांधे खरवडून सिमेंटने भरले. दारांच्या वरून चारी बाजूंनी, आतून आणि बाहेरून, लोखंडी जाळीचा पट्टा फिरवून प्लास्टर केलं. गावाने लगेच नाव ठेवलं, "सुंदररावांनी घराला कंबरपट्टा केला." आई त्या पट्ट्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची, आधी तुळशीला, मग पट्ट्याला.

सगळ्यात अवघड काम निघालं ते माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पावसाळ्याच्या तोंडावर घर गळू नये म्हणून वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, ही आमच्याकडची रीत. जुना थर काढायचा असतो हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आजीने टाकला, आईने टाकला, लग्नाआधी मीही पाट्या वाहिल्यात. माती उतरवायला लागलो तर ट्रॉल्यांवर ट्रॉल्या निघाल्या. एवढं ओझं डोक्यावर घेऊन आम्ही त्याखाली खुशाल घोरत होतो! आई त्या ढिगाकडे बघून म्हणाली, "माझा आख्खा संसार हाय की गं हा," आणि स्वतःच खो खो हसत सुटली. वर आता पत्रे आले, बोल्ट आवळून बसवलेले.

आण्णांचं तर विचारूच नका. महिन्याभरात ते रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून भूकंप समजावून सांगायला लागले, जणू हा शोध त्यांचाच. फक्त गोठ्याचं नाव काढलं की हात झटकायचे. घराबरोबरच बांधलेला, त्याच दगडमातीचा गोठा. "गुरांच्या घरी कोन सोयरीक घेऊन येनार हाय?"

काम संपल्यावर सरस्वतीबाई पुन्हा आल्या. घराभोवती बाहेरून फेरी मारली, मिस्त्रीने मुद्दाम उघडा ठेवलेला शेवटचा खड्डा वाकून बघितला. "पोरगी दिली," म्हणाल्या. आईने पेढा पुढे केला. आण्णांनी छाती काढून दाराकडे हात केला, "या आता आत!"

बाईंनी उंबऱ्यापर्यंत पाऊल नेलं आणि मागे घेतलं. "रागावू नका, दादा. डोक्याला पटलंय. पायाला पटत न्हाई."

पुन्हा चहा लिंबाखाली. या वेळी आण्णा रागावले नाहीत. नंतर आईला म्हणाले, "मुक्ते, ह्या बाईनं एकदा माझ्या घरात बसून चहा पिला ना, तर मी हे घर बांधलं म्हनीन."

लग्न परळीच्या कार्यालयात झालं. त्यानंतर आमच्या घरी सत्यनारायण. अंगणात मांडव, आत पूजा, बाहेर लाउडस्पीकर, आणि लिंबाखाली सरस्वतीबाईंची खुर्ची, आण्णांनी स्वतः गादी घालून ठेवलेली. आत अंगद आणि स्वप्ना पाटावर, उपरण्याला शालूची गाठ. गुरुजींची कथा संपत आली होती, आरतीचं ताट सजलं होतं.

आधी कुत्री भुंकली. मग जमिनीच्या पोटातून गुरगुर आली, जवळून ट्रक गेल्यासारखी, आणि फळीवरचे डबे थाडथाड वाजायला लागले. कलश कलला.

"भूकंप!" कोणीतरी ओरडलं आणि घर रिकामं झालं. सगळ्यात आधी बाहेर पडलेला माणूस म्हणजे आमचे आण्णा, हातात प्रसादाची वाटी तशीच. दुसरी मी, खोटं कशाला बोलू. नवरा-नवरी मात्र गाठीत गुंतली आणि पाटावरच आपटली. आणि आम्ही सगळे दारातून बाहेर पडत असताना एकच बाई आम्हाला ढकलत, कोपरं मारत, उलटी आत घुसली. सरस्वतीबाई. ज्या उंबऱ्यावरून त्यांचं पाऊल मागे फिरलं होतं, तो त्यांनी बघितलासुद्धा नाही.

धाडकन आवाज झाला. परसाकडून धुळीचा लोट उठला. "अंगद!" मी किंचाळले.

मग सगळं थांबलं. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, गोठ्याची भिंत पडली होती. दोन्हीकडे फाटून, आतला दगड आत, बाहेरचा बाहेर, बाईंनी सांगितलं होतं अगदी तशी. गुरं सुदैवाने रानात होती.

आणि घर? घर जागच्या जागी होतं.

मी दारातून डोकावले. सरस्वतीबाईंनी लेकीला पोटाशी आवळून धरलं होतं, जावयाचं डोकंही काखेत दाबलं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. त्या भिंत अंगावर यायची वाट बघत होत्या. इतक्या वर्षांपूर्वी भावांच्या अंगावर आली तशी.

"आई," स्वप्ना म्हणाली. "थांबलं. बघ की."

त्यांनी डोळे उघडले. उठल्या. तळहात भिंतीवर ठेवून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. खाली थोडा चुना पडला होता, बस. भेग नाही. कमरेची किल्ली काढून त्यांनी भिंतीत खुपसली. किल्ली गेली नाही. पुन्हा खुपसली, जोर लावून. वाकली, पण गेली नाही. आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि मीही दारात उभी राहून रडले, मला मुळीच लाज वाटली नाही.

"बाहेर या समदे!" आण्णा अंगणातून गरजत होते. "विहीनबाई, बाहेर या!"

"न्हाई येत," आतून आवाज आला. बाई भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या होत्या. "चहा करा. अन् हितं आना."

आण्णांच्या हातातली वाटी पडली. चहा आईने केला, पण आत नेला आण्णांनी. घाईत बशीतला अर्धा वाटेत सांडला. बाईंनी तो घोट घोट करून प्यायला. कप खाली ठेवला, डोकं मागे भिंतीला टेकवलं, आणि बघता बघता भरदुपारी त्यांचा डोळा लागला. स्वप्ना पुढे सरकली आणि मध्येच थांबली. आईला अशी, दगडाच्या भिंतीला टेकून झोपलेली तिने कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेर एव्हाना गाव लोटलं होतं. गोठा बघून आलेले लोक सोमनाथ मिस्त्रीला घेरून उभे, "माझं कवा करतू," "आधी माझं, मी भाऊबंद हाय," असा एकच कालवा. लाउडस्पीकरवाला आरती लावू का विचारत होता. तेवढ्यात आण्णा दारात आले. मी म्हटलं, आता सुरू होतं भाषण.

आण्णांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला बे," ते म्हणाले. कुजबुजले! आमचे आण्णा! "विहीनबाई झोपल्यात. माझ्या घरात."

मग त्यांनी स्वतः जाऊन लाउडस्पीकरची वायर उपटली, आणि सत्यनारायणाची आरती आम्ही सगळ्या गावाने हळू आवाजात, टाळ्या न वाजवता म्हटली.