नागुबाईंची आंबील आणि माझे ज्यादा पाटे

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. वय चौदा वर्षं, मुक्काम सोयाबीनच्या मुलखात, मुरुडजवळच्या एका खेड्यात. रंग उडाला, एक आरसा गेला, तरी माझा तोरा काही गेलेला नाही.

नवी होते तेव्हा माझी चाल झकास होती. पण माझे मालक दयानंद यांना सोयाबीनची पोती लादायची घाई. गाडी दबू नये म्हणून त्यांनी माझ्या मागच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन्ही बाजूंना पोलादी पट्टीचे दोन-दोन ज्यादा पाटे घातले. चाकांत हवाही टच्च भरली. भरल्या ओझ्याने मी ऐटीत धावायचे आणि बाजारात लोक वाहवा करायचे. सुगी सरली, पण पाटे काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. रिकामी असले की मी खड्ड्याखड्ड्याला टणाटण उडायचे.

गेल्या वर्षी वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, घात झाला. त्या दिवशी आमच्याकडे अख्खं गाव शेतात पूजेला आणि जेवायला जातं. मालकांची आई नागुबाई आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन माझ्यात मागे बसल्या होत्या. ओढ्यात मी अशी उसळले की मडकं फुटलं, सगळी आंबील लुगड्यावर सांडली आणि त्यांची कंबर महिनाभर धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा त्यांनी निक्षून सांगितलं, "तुझ्या गाडीत म्या बसत न्हाई, अन् तेवढं मला चालवत न्हाई. तुम्ही जावा. म्या घरीच ऱ्हाते."

चाळीस वर्षांत त्यांची एकही येळवस चुकली नव्हती. मालकांनी माझ्यात भुशाची दोन पोती अंथरून दाखवली. नागुबाईंनी ती हाताने दाबून पाहिली आणि त्या सरळ आत गेल्या.

मग मालकांनी मला सटवाजी मिस्त्रींकडे नेलं. ते माझ्याखाली वाकले आणि हसू लागले.

"पाटे तूच घातलास, अन् गाडी उडती म्हणून भुसा टाकून राहिलास व्हय?"

त्यांनी ज्यादा पाटे काढले, उरलेल्यांचा गंज घासला, झिजलेले रबरी बुश आणि दणके झेलणारे निकामी शॉकअप बदलले, हवा बेताची केली.

"अन् सुगीला?" मालकांनी विचारलं.

"दोन फेऱ्या जास्त मार. पळून चालली का सुगी?"

येळवशीला नागुबाई बसल्या, पण अट घालून. "पयल्या दणक्याला उतरंन."

ओढा आला. माझा जीव मुठीत. चाक खाली गेलं, पाटे अलगद दबले, शॉकअपने मला सावरलं आणि मी गुमान वर आले. आंबील मडक्यातच होती. पण बांधाशी थांबलो तरी नागुबाई उतरेनात. आता काय चुकलं, म्हणून मी घाबरले.

"माय, शेत आलं," मालक म्हणाले.

"दिसतंय मला. अजून एक चक्कर मार की."

आम्ही ओढ्यापर्यंत जाऊन आलो, मडक्यासकट. शेतात मंडळी भुकेने कावली होती आणि मी मात्र आनंदाने फुगले होते.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी जुनं माणूस किंवा यंत्र कुरकुरत असेल, तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या पाठीवर आपणच काय चढवून विसरलो आहोत, तेवढं एकदा वाकून बघा.