टक् झालं की थांबायचं

माझ्या वडिलांना आणि माझ्या सासऱ्यांना एकमेकांशी बोलायचं असलं की मध्ये मी लागते. दोघं एकाच टेबलाशी बसलेले असतात, दोघांचेही कान शाबूत आहेत, तरी बाबा म्हणणार, "तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, साखर इकडे सरकवा." मग नाना, म्हणजे माझे सासरे, साखर माझ्याकडे सरकवणार आणि मी ती बाबांकडे सरकवायची. मी जनावरांची डॉक्टर आहे. हट्टी जनावरं रोज हाताळते. पण या दोघांपुढे मी हात टेकले होते.

भांडण जमीनजुमल्याचं नव्हतं की मानपानाचं नव्हतं. ॲव्हरेजचं होतं. बाबांनी उभा जन्म डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला. नाना मोजणी खात्यात ड्रायव्हर होते, पेट्रोलवरच्या, चारही चाकं जोर लावणाऱ्या फोर-व्हील गाडीने त्यांनी रस्ता नसलेले डोंगर पालथे घातले. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा चहा पिता पिता नानांनी सांगितलं की त्यांची पेट्रोलची गाडी घाटात असं काही ॲव्हरेज द्यायची की डिझेलवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उतारावर मोजलं असेल." बस्स, एवढंच. लग्न थाटात झालं, पण व्याह्यांचं थेट बोलणं तेव्हापासून बंद.

इतकी वर्षं मी याला हसत आले. या थंडीत मात्र हसू आटलं. बाबा एकटे राहतात. सकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत ते त्या गार फरशीवर पडून होते. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला तो गेलाच. मी म्हटलं, आता पुरे, आमच्याकडे या. मागची खोली रिकामी आहे, तिची खिडकी थेट गॅरेजात उघडते. बाबांना दुसरं काय हवं?

"घर तुझ्या सासऱ्यांचं आहे," बाबा म्हणाले. "त्यांनी मला कधी 'या' म्हटलंय? लेकीच्या आग्रहाने शिरायचं आणि त्यांच्या कपाळावरची आठी बघत जेवायचं, हे माझ्याच्याने नाही व्हायचं."

नानांकडे गेले, तर नाना म्हणाले, "मी कुठे नको म्हणतोय?"

"पण एकदा 'या' म्हणा ना तोंडाने."

"मी म्हणायचं आणि त्यांनी सगळ्यांदेखत नकार द्यायचा? नको गं सूनबाई. तो डिझेलवाला माणूस. तापायला वेळ लागतो, आणि एकदा तापला की थंड होत नाही."

रात्री फोन वाजला की वाटायचं, बाबा पुन्हा पडले असतील, आणि या खेपेला शेजारीण घरी नसेल. एवढ्याशा 'या' साठी माझा बाप तिकडे भिंतीला धरून चालत होता. मला दोघांचाही भयंकर राग यायचा, आणि दोघांवरही माझा जीव होता, हीच पंचाईत.

अशातच माझ्या जुन्या गाडीने दम सोडला. मी ज्या गोठ्यांत जनावरं तपासायला जाते ते डोंगरावर, वाटा चिखलाच्या. फोर-व्हील गाडी घेणं भागच होतं. पण डिझेल की पेट्रोल? मी चुकून जेवताना विचारलं.

"डिझेल," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला होते. "चढावर, ओझं घेऊन, खालच्या गिअरला गाडी रांगायला लागली की डिझेल थेंबाथेंबाने पितं. पेट्रोल अशा वेळी घटाघटा ढोसतं. सांग त्यांना."

"त्यांना सांग," नाना वाटीतून नजर न काढता म्हणाले, "सूनबाई रोज काही डोंगर चढत नाही. या गोठ्यातून त्या गोठ्यात, जवळजवळच्या फेऱ्या. नव्या डिझेल गाडीला धुराची जाळी असते. इंजिन नीट तापलंच नाही की ती जाळी तुंबते. मग ॲव्हरेज राहतं बाजूला, गाडीच वर्कशॉपमध्ये."

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं की एकदाचं मोजून टाकू. बाबांच्या ओळखीच्या शोरूमवाल्याने चाचणीसाठी दोन गाड्या दिल्या. मॉडेल एकच, एक डिझेल, एक पेट्रोल. डोंगरावरचा माझा नेहमीचा फेरा मारायचा. बाबा डिझेल चालवणार, नाना पेट्रोल. बाबांना धड चालता येत नसलं तरी गाडी चालवता येत होती. निघताना टाकी भरायची, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा भरायची, जेवढं मावेल तेवढं जळलं.

माझ्या मनात वेगळाच डाव होता. म्हटलं, दिवसभर एका रस्त्याला लागतील तर एखादा शब्द थेट निघेल.

पहिली ठिणगी पंपावरच पडली. बाबांची एक सवय आहे. डिझेल भरताना फेस येतो, त्या फेसाला फसून पंपाची नळी टाकी भरायच्या आधीच 'टक्' करून बंद होते. मग बाबा गाडीला खांदा लावून ती गदागदा हलवतात, फेस बसवतात, पुन्हा ओततात, पुन्हा हलवतात. लहानपणी मला वाटायचं की गाडीला झोपवून मगच डिझेल पाजतात. त्या सकाळी त्यांनी खांदा लावला मात्र, नाना गाडीतून उतरले.

"त्यांना सांग, हे चालणार नाही. आता हलवून हलवून काठोकाठ भरायची, संध्याकाळी न हलवता थोडकं भरायचं. ॲव्हरेज आपोआप वाढतं. ही युक्ती मलाही ठाऊक आहे."

बाबांचा चेहरा लाल झाला. "त्यांना सांग, मी असली लबाडी जन्मात केली नाही."

"मग त्यांना सांग, नियम करू. दोन्ही वेळेला टक् झालं की थांबायचं. हलवायचं नाही."

"कर नियम!" बाबा म्हणाले. हे मला उद्देशून होतं.

निघालो. मी बाबांच्या शेजारी बसले. पुढे नानांची पेट्रोल, मागे आम्ही. घाटात बाबांनी एकदाही घाई केली नाही, पायाखाली अंडं असल्यासारखा ॲक्सिलरेटर दाबत होते. "बघ, बघ, कसा दाबतोय तो," असं पुढच्या गाडीकडे बघून पुटपुटत होते. वळणावर नानांची गाडी दिसेनाशी झाली की मात्र मान लांब करून शोधायचे. दिसली की पुन्हा नाक मुरडायचे.

वरच्या कुरणापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच माझा फोन वाजला. अगदी टोकाच्या गोठ्यातल्या मावशींचा होता. त्यांची गाय सकाळपासून विताना अडली होती. चाचणी गेली खड्ड्यात, म्हणत मी दोन्ही गाड्या तिकडे वळवल्या. शेवटचा तुकडा नुसता चिखल. दोघांनीही चारी चाकांचा जोर लावला आणि दोन्ही गाड्या सरळ वर चढल्या. एरवी यावरून तासभर वाद झाला असता. आज कोणी ब्रही काढला नाही.

वासराचा पाय आत दुमडला होता. मी बाह्या सरसावल्या आणि कामाला लागले. बाहेर बोचरं वारं सुटलं होतं. इंधन फुकट जाऊ नये म्हणून दोघांनीही गाड्या बंद करून ठेवल्या होत्या, आणि दोघं गोठ्याच्या दाराशी, दाराच्या दोन बाजूंना, उभे होते. बराच वेळ झटले तेव्हा कुठे वासरू बाहेर आलं. श्वास घेत होतं, पण अंग लुळं, ओलं आणि गार. गोठ्याच्या भिंतींना जागोजागी फटी, मावशींचं घर खाली ओढ्यापलीकडे.

"गाडीत घ्या," मी ओरडले. "हीटर लावा. लवकर!"

बाबांची गाडी अगदी दाराला लागून होती. नाना वासराचे मागचे पाय धरून तिकडेच निघाले. बाबा आडवे आले.

"माझ्या गाडीत नको," ते मला म्हणाले. "इंजिन गार पडलंय. डिझेल नुसतं उभं ठेवलं तर तापता तापत नाही. वासरू तोवर टिकणार नाही. त्यांची पेट्रोल चटकन तापेल. त्यांच्या गाडीत घाल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पेट्रोल डिझेलपेक्षा कशात तरी सरस आहे, हे वाक्य मी त्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. नानांनीही ऐकलं. पण बोलायला वेळ नव्हता.

नानांनी अंगातला कोट काढून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर अंथरला, वासराला मांडीवर घेतलं आणि गोणपाटाने चोळायला लागले. मी इंजिन चालू केलं, हीटर फुल केला. गाडी जागच्या जागी घुरघुरत राहिली. एक फूटही न हलता पेट्रोल जळत होतं. नानांचं ॲव्हरेज आमच्या डोळ्यांदेखत धुरात चाललं होतं, आणि नाना वासराच्या कानात बोलत होते, "ऊठ राजा, ऊठ. बाहेर आई बोलावतेय बघ तुला."

एवढ्यात मागून दुसरं इंजिन सुरू झालं. बघते तर बाबा आपल्या गाडीत चावी फिरवून बसलेले.

"बाबा, तुम्ही कशाला चालू केली?"

"त्यांची चालू आहे ना? मग माझीही चालू. मोजणी सारखी नको का व्हायला?"

गोठ्यातून मावशी ओरडल्या, "अहो आजोबा, सगळा धूर आत येतोय! माझी गाय आधीच दमलीय. बंद करा ते!"

बाबांनी बंद केली. पण चेहरा असा, की दंड भरायला गेलेल्याला खिडकी बंद मिळावी.

वासरू हळूहळू ऊब धरत गेलं. आधी कान हलले, मग त्याने नानांचा अंगठा चोखायला सुरुवात केली, आणि मग भल्या मोठ्या कृतज्ञतेने नानांच्या कोटासकट त्या सीटवर मुतलं. मावशी हसून हसून रडल्या. ते आईच्या कासेला लागलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दोन म्हातारे पुन्हा दाराच्या दोन बाजूंना उभे राहून तेच बघत होते.

उतरताना मी नानांच्या गाडीत मागे बसले. चिखलाचा तुकडा संपेपर्यंत नानांचं लक्ष वाटेवर होतं. मग म्हणाले, "सूनबाई, त्यांचा गुडघा फार दुखतोय. उजवा पाय टाकताना दात आवळतात. तू औषध बदलून दे."

"तुम्हीच विचारा ना त्यांना."

नानांनी गिअर बदलला.

पंपावर पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नानांची टाकी भरली, टक् झालं, त्यांनी नळी काढली. आकडा त्यांनी एकदाच बघितला. वासराने केव्हाच निकाल लावला होता. मग बाबांची पाळी. डिझेल गेलं, फेस आला, टक् झालं. एवढ्याशा डिझेलमध्ये बाबा साफ जिंकले होते.

पंपवाला नळी काढायला गेला, तर बाबांनी त्याचा हात अडवला. लंगडत गाडीच्या बाजूला गेले, खांदा लावला आणि गाडी हलवायला लागले. गदागदा. मग म्हणाले, "ओत अजून." पंपवाल्याने ओतलं. टक्. बाबांनी पुन्हा खांदा लावला. गुडघ्याला कळ आली की ओठ मुडपायचे, पण हलवणं थांबत नव्हतं. "ओत. अजून जाईल."

मला आधी कळेनाच. मग कळलं. सकाळी टाकी न हलवता भरली होती. आता जितकं जास्त डिझेल जाईल तितकं जास्त जळलं असं दिसणार, आणि तितकं बाबांचं ॲव्हरेज घसरणार. जन्मात लबाडी न केलेला माणूस भर पंपावर लबाडी करत होता, आणि तीही स्वतःविरुद्ध.

नाना माझ्या शेजारी उभे होते. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. मी म्हटलं, आता म्हणणार, 'त्यांना सांग.' पण ते मला ओलांडून पुढे गेले आणि गाडीवरचा बाबांचा हात धरला.

"व्याही, नियम काय ठरला होता?"

बाबांनी वर पाहिलं. "फेस आहे अजून."

"कुठला फेस? फेस केव्हाच बसला. मला खोटा आकडा नको. आणि त्या गुडघ्याला कशाला छळताय? मला दिसत नाही का?" नानांचा आवाज चढला होता. "मागची खोली रिकामी आहे. खिडकीतून गॅरेज दिसतं. राहायला या."

बाबा गाडीला टेकले. त्यांना धाप लागली होती.

"डिझेल जिंकलं म्हणून बोलावताय?"

"छे! कोण म्हणतं जिंकलं? पेट्रोल उभ्या उभ्या जळलं. वासरू नसतं तर दाखवलं असतं तुम्हाला. मला अजिबात मान्य नाही."

बाबांनी टाकीचं झाकण लावलं. दोनदा तपासलं.

"मग येतो," ते म्हणाले, आणि नानांचा हात न सोडता लंगडत गेले ते थेट पेट्रोलच्या गाडीकडे, आणि वासराने ओल्या केलेल्या त्या सीटवर बसले.