गावदेवापुढची सुपारी

माझ्या नातीचा, कुणालीचा, साखरपुडा मोडला ते दोन हजार तेवीस साल. मुलाकडच्यांना नोकरी करणारी सून हवी होती. कुणाली बारावीला एकदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला पास झालेली, तिला नोकरी कोण देणार, असं आम्हाला वाटलं होतं. पण शहापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक इंग्रजी शाळा निघाली आहे, तिथं तिला लगेच घेतलं. जूनपासून ती पहिलीच्या वर्गावर शिकवायला लागली.

मी विचारलं, "शिकवायचं तू शिकलीस कधी गो?"

ती हसली. "मोठ्या मॅडम म्हणाल्या, पुस्तकातलं मोठ्यानं वाचायचं, पोरं मागनं म्हणतात. वर्गात गलका नाय झाला म्हणजे झालं."

त्याच जूनमध्ये त्या शाळेची पिवळी बस डोळखांबवरून आमच्या पाड्यापर्यंत यायला लागली. पाड्यावर आमची मराठी शाळा होती. तिची जागा माझ्या नवऱ्यानं, कमळूनं दिलेली. भिंतीचे दगडही त्यानंच ओढ्यातून वाहिले. मुलं आधीच थोडी, त्यातली बसनं गेली तर शाळा बंद होणार, हे सगळ्यांना कळत होतं.

शाळेवर शेखर गुरुजी होते. डी.एड. झालेले, वर सरकारची अवघड परीक्षा पास झालेले. राहायला शहापूरला, पण पावसाळ्यातही मोटारसायकल ओढ्याअलीकडे ठेवून चालत यायचे. मला अक्षरं त्यांनीच शिकवली. भात झोडून झालं की संध्याकाळी आम्ही बायका शाळेच्या ओट्यावर बसायचो. माझा हात धरून त्यांनी माझ्या नावाचा, ठमीचा, ठ काढून घेतला. माझ्या पोराच्या वयाचा माणूस, पण मी त्यांच्या पाया पडायचे.

त्यांनी पाड्याची बैठक बोलावली. म्हणाले, "बस बघू नका, टाय बघू नका. तिथं शिकवणारा काय शिकलाय ते विचारा. मी माझं शिक्षण तुमच्यासमोर ठेवतो, त्यांना ठेवायला सांगा."

शेजारची गोजर म्हणाली, "गुरुजी, माझा नातू टाय घालून शेळ्या राखंल की! शेळ्या पण इंग्रजीत पळतील."

सगळे हसले, पण बोलणं पटलं. मग पोरं आपल्याच शाळेत ठेवायची, असा शब्द देऊन आमच्या रीतीप्रमाणे गावदेवापुढं सुपारी ठेवायचं ठरलं. ज्यानं सुपारी ठेवली त्यानं शब्द पाळायचा. मोडायचा असेल तर सगळ्यांदेखत आपली सुपारी आपल्या हातानं उचलायची. ज्यांचं मन होत नव्हतं त्यांच्या घरी मी गेले. गुरुजींचंच बोलणं मी दारोदार सांगितलं. माझी स्वतःची नात तिथं काय शिकून शिकवते हेही सांगितलं, कुणालीचा राग ओढवून घेतला. घरागणिक सुपारी पडली. शेवटी गुरुजींनीही ठेवली. म्हणाले, "मी पण तुमच्यातलाच."

जानेवारीत कुणालीच्या शाळेचं संमेलन होतं. तिचा रुसवा काढायला मी गेले. तिच्या वर्गातली पोरं सशाचे कान लावून नाचली. नाच संपल्यावर एक पोरगा धावत येऊन तिच्या कमरेला बिलगला.

"हा जीवन," कुणाली म्हणाली. "मला सोडतच नाय. याची आई न्यायला येते रोज, आज कुठं राहिली कोण जाणे."

तेवढ्यात पोरगा ओरडला, "पप्पा!"

मी वळून पाहिलं. शेखर गुरुजी होते.

ते मला बघून थबकले. मग त्यांची नजर कुणालीकडे गेली. चौथीपर्यंत ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. बारावीला नापास झाली तेव्हा घरी येऊन तिची समजूत त्यांनीच घातली होती.

"तू आहेस याची मिस?" ते म्हणाले.

कुणालीला खरोखर आनंद झाला. तिनं वाकून नमस्कार केला. "गुरुजी, जीवन तुमचा? मला ठाऊकच नवतं!"

मी म्हणाले, "इथं शिकवणारा काय शिकलाय ते तुमी विचारलं नाय का, गुरुजी?"

त्यांनी पोराच्या डोक्यावरचे सशाचे कान काढले आणि खिशात कोंबले. "आजी, जरा बाजूला या."

फाटकाशी नेऊन हळू आवाजात म्हणाले, "घरच्यांचा हट्ट होता. आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं इथंच येतात. पाड्यावर बोलू नका, आजी. पट घसरला तर शाळा जाईल. तुमच्याच पोरांचं नुकसान होईल."

"मंग सुपारी कशाला ठेवलीत?"

"लोकांना धीर यावा म्हणून."

"मी दारोदार फिरले ते तुमच्या शब्दावर. आता तुमच्यासाठी खोटं पण मीच बोलू?"

ते वळून पोराकडे बघायला लागले. मी म्हणाले, "तुमची सुपारी तुमी येऊन उचला. सगळ्यांदेखत सांगा. मंग लोक काय ते ठरवतील. मी शिमग्यापर्यंत थांबते."

शिमगा आला. होळीभोवती सगळा पाडा जमला. गुरुजी रजेवर होते. मग मीच उभी राहिले आणि पाहिलं ते सांगितलं.

गोजर उठली, गावदेवापाशी गेली आणि आपली सुपारी उचलून कनवटीला लावली. म्हणाली, "मास्तरच्या पोराला चालतं ते आमच्या पोराला का नाय? आन् मिस तर तुझ्याच घरची, ठमे. आमी कुठं लांब चाललोय?"

एकेक करून सुपाऱ्या उठल्या.

मेमध्ये गुरुजींनी बदली मागून घेतली. मुरबाडकडे, टोकावड्याच्या बाजूला गेले, असं ऐकलं. जाताना पाड्यावर आले नाहीत. जूनमध्ये पोरं टाय लावून बसमध्ये चढली आणि आमच्या शाळेला कुलूप लागलं. कुणालीच्या वर्गात आता पाड्याची पोरंही आहेत. ती मोठ्यानं वाचते, ती मागनं म्हणतात. परवा तिनंच मला विचारलं, "आजी, यांना समजत नाय तर समजवायचं कसं गो? गुरुजी कसं करायचे?" गुरुजींनी माझा हात धरून ठ काढून घेतला होता, तेवढंच मी तिला सांगितलं.

कमळू रोज सकाळी बंद शाळेचा ओटा झाडायचा. मी म्हणायचे, "कोण येणार हाय आता?" तो म्हणायचा, "जागा आपली हाय ना." गुरुजींना तो कधी वाईट बोलला नाही, पण पुन्हा त्यांचं नावही घेतलं नाही.

गावदेवापुढं दोन सुपाऱ्या अजून आहेत. एक माझी, एक गुरुजींची.

ओटा झाडणारा माझा नवरा कमळू मात्र दोन हजार चोवीसच्या भाद्रपदात, गणपती गेल्यानंतर, तापानं वारला.